इस्लामपूरचा 'प्रतोद' आणि चिथावणीची रेघ

१८९७ साली साताऱ्याच्या सेशन्स कोर्टात एक खटला चालला. इस्लामपुरातून, म्हणजे आताच्या सांगली जिल्ह्यातल्या ईश्वरपुरातून, 'प्रतोद' नावाचे मराठी पत्र निघत असे. त्यात कॅनडाच्या स्वतंत्र होण्याच्या तयारीविषयी लेख छापून आला. लेख कॅनडावर असला तरी रोख हिंदुस्थानावर आहे, हे वाचणाऱ्याला कळत होते आणि सरकारलाही कळले. साताऱ्याच्या न्यायाधीशांनी संपादकाला आजन्म काळ्या पाण्याची आणि मालकाला सात वर्षांची शिक्षा ठोठावली. भाषणासाठी, स्टेटससाठी किंवा घोषणेसाठी गुन्हा दाखल झाल्याची बातमी आपल्या भागातून आली की मला हा खटला आठवतो. शब्द आणि हिंसा यांच्यातले अंतर मोजायचे कसे, हा प्रश्न आपल्याच जिल्ह्यातून हायकोर्टात गेला होता.

१८९७ हे वर्ष साधे नव्हते. पुण्यात प्लेग होता, २२ जूनच्या रात्री चापेकरांनी प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली होती आणि 'केसरी'तल्या मजकुरासाठी टिळकांवर राजद्रोहाचा खटला उभा राहिला होता. कलम होते १२४ अ, १८७० साली दंड संहितेत घातलेले. सरकारविषयी 'अप्रीती' निर्माण करणे हा त्यातला गुन्हा. टिळकांच्या खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्यूरीला सांगितले की अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव. दंगा झाला का, कुणी शस्त्र उचलले का, हे पाहण्याची गरजच उरली नाही. टिळकांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली.

'प्रतोद'चे अपील हायकोर्टाच्या पूर्णपीठापुढे आले तेव्हा त्या तिघांत महादेव गोविंद रानडे होते. रानड्यांनी अप्रीतीचा अर्थ वेगळा लावला. नुसता प्रेमाचा अभाव म्हणजे अप्रीती नव्हे, ती राज्यसत्तेविरुद्धची प्रत्यक्ष विकृत भावना असली पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. दोषसिद्धी कायम राहिली, पण शिक्षा खूपच कमी झाली. मला रानड्यांचा तो फरक फार मोलाचा वाटतो. सरकारवर प्रेम नसणे आणि सरकार उलथायला निघणे यांच्यात जागा आहे, हे त्यांनी ब्रिटिश राज्यात, न्यायासनावर बसून नोंदवले. सरकारने मात्र १८९८ सालीच कायदा दुरुस्त केला आणि अप्रीतीत राजनिष्ठेचा अभाव व शत्रुत्वाच्या सगळ्या भावना येतात असे लिहूनच टाकले. समाजासमाजांत वैर पसरवण्याचे कलम १५३ अ त्याच दुरुस्तीतून आले.

१९०८ साली मुझफ्फरपूरच्या बाँबनंतर खून किंवा हिंसेची चिथावणी देणारे छापखाने जप्त करण्याचा वेगळा कायदा झाला. त्याच वर्षी टिळक सहा वर्षांसाठी मंडालेला गेले.

मग आपल्याकडे १९४३ ते ४६ चे पत्री सरकार, म्हणजे क्रांतिसिंह नाना पाटलांनी इंग्रजांविरुद्ध चालवलेले समांतर सरकार. तेव्हा सांगली जिल्हा नव्हता, कृष्णाकाठची ही बरीच गावे साताऱ्यातच होती. त्या सभांत जे बोलले जाई ते तेव्हाच्या कायद्याने उघड राजद्रोह होते. तेच नाना पाटील पुढे १९५७ साली साताऱ्यातून लोकसभेवर निवडून गेले. कायदा कुणाच्या हातात आहे यावर चिथावणीचा अर्थ किती बदलतो, हे आपल्या आजोबांच्या पिढीने डोळ्यांनी पाहिले आहे.

१९४२ साली फेडरल कोर्टाने म्हटले होते की गोंधळ माजवण्याकडे कल नसेल तर राजद्रोह होत नाही. १९४७ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या शेवटच्या अपील न्यायालयाने, ते खोडून स्ट्रॅचींचाच अर्थ पुन्हा लावला. स्वातंत्र्यानंतर, १९५० साली, सुप्रीम कोर्टाने दोन पत्रांवरची बंधने रद्द केली, कारण मूळ घटनेत 'सार्वजनिक सुव्यवस्था' हे भाषणस्वातंत्र्यावरच्या बंधनाचे कारणच नव्हते. पाटणा हायकोर्टाच्या एका न्यायमूर्तींनी तर खुनाची चिथावणीही या मांडणीत सुटेल अशी चिंता नोंदवली. जून १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने या बंधनांच्या कलम १९(२) मध्ये सार्वजनिक सुव्यवस्था आणि 'अपराधाची चिथावणी' हे शब्द आले. त्याच दुरुस्तीने बंधन 'वाजवी' असले पाहिजे ही अटही आली. आज या अटीवरच बहुतेक निवाडे उभे आहेत.

सुप्रीम कोर्टाच्या १९६२ च्या केदारनाथ सिंह निकालाने १२४ अ टिकवले, पण हिंसेने गोंधळ माजवण्याचा हेतू किंवा कल असेल तरच. १९९५ साली बलवंत सिंह प्रकरण आले. इंदिरा गांधींची हत्या झाली त्याच दिवशी चंडीगडमध्ये दोघांनी खलिस्तानच्या घोषणा दिल्या होत्या, लोकांनी लक्ष दिले नाही, काही घडले नाही. कोर्टाने दोघांना सोडले. २०१५ च्या श्रेया सिंघल निकालाने तीन पायऱ्या सांगितल्या: चर्चा, पुरस्कार आणि चिथावणी. एखादे मत कितीही अप्रिय असले, तरी पहिल्या दोन पायऱ्यांवर कायद्याने हात घालायचा नाही. अमेरिकेत १९६९ पासून कसोटी याहून कडक आहे: हिंसा लगेच घडवण्याच्या हेतूने बोललेले आणि ती घडण्याची शक्यता असलेले बोलणेच गुन्हा ठरते.

मात्र ही कसोटी पोलीस ठाण्यात पोचायला वेळ लागतो. सप्टेंबर २००९ मध्ये गणेशोत्सवातल्या अफझलखान वधाच्या फलकावरून मिरज-सांगली पेटली. सप्टेंबर २०२३ मध्ये खटाव तालुक्यातल्या पुसेसावळीत समाजमाध्यमांवरच्या पोस्टवरून जमाव उतरला आणि एकाचा जीव गेला. अशा वेळी दुखावणारी पोस्ट टाकणारा आणि 'चला, घुसा' म्हणणारा हे दोघे एकाच पारड्यात टाकले जातात, ते मला पटत नाही. पहिला वाईट बोलला असेल. चिथावणी दुसऱ्याने दिली.

मे २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने १२४ अ गोठवले. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. तिच्या कलम १५२ मध्ये राजद्रोह हा शब्द नाही, पण देशाच्या सार्वभौमत्वाला धोका आणणारे बोलणे आहे. जुने १५३ अ आता १९६ झाले. मार्च २०२५ मध्ये खासदार व कवी इम्रान प्रतापगढी यांच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने एका कवितेवरचा गुन्हा रद्द केला. शब्दांचा परिणाम कणखर, धीट माणसाच्या मोजमापाने पाहायचा, प्रत्येक टीकेत धोका दिसणाऱ्याच्या नाही, असे बजावले. तीन वर्षे किंवा जास्त, पण सातपेक्षा कमी वर्षांच्या शिक्षेच्या अशा गुन्ह्यांत पोलिसांनी उपअधीक्षकांच्या परवानगीने चौदा दिवसांत आधी प्राथमिक चौकशी करावी, हेही त्यात आहे. म्हणजे रानड्यांनी हायकोर्टात केलेली पारख आता गुन्हा नोंदवण्याआधीच, ठाण्यातल्या अधिकाऱ्याने करायची आहे.