ऐकणाऱ्याकडून शिकलेले बोलणे

एलिझाबेथ न्यूटन यांनी १९९० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात आपल्या पीएच.डी.साठी एक साधा प्रयोग केला. काही जणांनी सर्वांच्या ओळखीच्या गाण्यांचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवायचा आणि समोरच्याने गाणे ओळखायचे, एवढेच त्यात होते. वाजवणाऱ्यांना वाटले होते की निम्मी गाणी तरी सहज ओळखली जातील. प्रत्यक्षात १२० पैकी केवळ ३ ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या मनात चाल आणि शब्द सतत चालू असतात, त्यामुळे आपली टकटक किती अपुरी आहे हे त्याला जाणवतच नाही, आणि समोरच्याच्या कानावर मात्र नुसते सुटे ठोके पडत राहतात.

जे आपल्याला माहीत आहे ते माहीत नसलेल्या माणसासारखा विचार करणे आपल्याला जमत नाही. या अडचणीला संशोधक ‘ज्ञानाचा शाप’ म्हणतात. प्रभावी संवाद शिकणे म्हणजे मोठ्या प्रमाणात या शापातून थोडी थोडी सुटका करून घेणे, असे मला वाटते.

ही सुटका बालपणीच सुरू होते. रॉबर्ट क्राउस आणि सॅम ग्लक्सबर्ग यांनी १९६० च्या दशकात मुलांच्या जोड्यांमध्ये पडदा लावून एकाला काही अनोळखी आकृत्यांचे वर्णन करायला सांगितले. दुसऱ्याने त्या वर्णनावरून आपल्यापुढची नेमकी आकृती निवडायची होती. लहान मुले त्या आकृतीला ‘आईची टोपी’ यासारखे स्वतःपुरते नाव देत. तेच नाव पुन्हा ऐकवल्यावर त्या मुलाला आकृती बरोबर सापडे, परंतु जोडीदाराला त्यातून काहीच कळत नसे. दुसऱ्याच्या मनातले आपल्या मनातल्यापेक्षा वेगळे असू शकते ही समज साधारण चौथ्या वर्षाच्या आसपास येते; मात्र ती समज बोलताना वापरणे पुढे कितीतरी वर्षे शिकावे लागते.

मोठी माणसे हा खेळ कसा खेळतात हे हर्बर्ट क्लार्क आणि डीना विल्क्स-गिब्स यांनी १९८६ मध्ये दाखवले. त्यांनी दिलेल्या १२ टॅनग्रॅम (भौमितिक तुकडे जुळवून केलेल्या) आकृत्यांपैकी प्रत्येकीचे वर्णन करायला पहिल्या फेरीत सरासरी ४१ शब्द लागले आणि सहाव्या फेरीत अवघे ८ पुरले. ही काटकसर बोलणाऱ्याने एकट्याने साधली नव्हती. ऐकणारा मध्येच ‘म्हणजे हात वर केलेला का?’ असे विचारी, कधी स्वतःच एखादे नाव सुचवी, आणि दोघांच्या संमतीने त्या आकृतीचे एक छोटे नाव ठरून जाई. रोजच्या गप्पांतही हेच चाललेले असते. मार्क डिंगेमान्से आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२ भाषांमधील संभाषणे तपासली, तेव्हा सरासरी दर १.४ मिनिटांनी कोणीतरी ‘काय?’, ‘कोण?’ असे विचारून बोलणे दुरुस्त करून घेत असल्याचे आढळले.

ऐकणाऱ्याचा वाटा किती मोठा आहे हे जॅनेट बावेलास यांच्या गटाच्या २००० सालच्या प्रयोगातून फार स्पष्ट होते. आपण थोडक्यात वाचलो असा अनुभव एकाने सांगायचा आणि दुसऱ्याने ऐकायचा, असा तो प्रयोग होता. फक्त काही श्रोत्यांना सांगणाऱ्याच्या नकळत विशिष्ट अक्षराने सुरू होणारे शब्द मोजत बसायला सांगितले होते. अशा अर्धवट लक्ष देणाऱ्या श्रोत्यापुढे सांगणाऱ्यांची गोष्टच बिघडली, विशेषतः शेवट: तो कधी तुटक झाला, कधी तेच ते पुन्हा सांगितले गेले. सांगणाऱ्याचे कौशल्य तर तेच होते. श्रोत्याच्या चेहऱ्यावरून मिळणारी दाद तेवढी नाहीशी झाली होती.

पुष्कळ बोलूनही माणूस सुधारत का नाही, याचे उत्तर मला इथेच दिसते. व्याख्यानात, पत्रात किंवा वरिष्ठाने दिलेल्या सूचनांमध्ये ‘काय?’ असे विचारणारा कोणी नसतो, किंवा असला तरी तो संकोचाने मान डोलावतो. चूक झाली, पण ती परत येऊन सांगितली गेली नाही, तर तीच चूक वीस वर्षे आत्मविश्वासाने करता येते.

याचा सर्वांत गंभीर पुरावा वैद्यकातून आला आहे. लेस्ली फॅलोफिल्ड आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये ब्रिटनमधील १६० कर्करोगतज्ज्ञांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. डॉक्टर प्रत्यक्ष रुग्णांशी कसे बोलतात याचे चित्रीकरण करून काहींना लेखी अभिप्राय दिला गेला, तर काहींना तीन दिवसांच्या प्रशिक्षणात सहभागी करून घेतले गेले. प्रशिक्षण घेतलेले डॉक्टर नंतर नेमके प्रश्न अधिक विचारू लागले, अपेक्षित उत्तर सुचवणारे प्रश्न कमी झाले आणि रुग्णाच्या भावनांची दखल घेणारी वाक्ये वाढली. नुसत्या लेखी अभिप्रायाचा मात्र फारसा उपयोग झाला नाही, आणि केवळ अनुभवाच्या वर्षांनी हे कौशल्य येत नाही, हेही त्यातून दिसले.

अशा प्रशिक्षणात लहान गट असतो, स्वतःचे चित्रीकरण पाहावे लागते आणि रुग्णाची भूमिका करणाऱ्या व्यक्तीशी तोच अवघड संवाद थांबवून पुन्हा करून पाहता येतो. ‘त्या वाक्यावर मी गप्प झाले, कारण मला भीती वाटली’ असे त्या व्यक्तीने सांगितले की एरवी कधीच न कळणारी गोष्ट बोलणाऱ्याला कळते. हावभावांच्या युक्त्या शिकवणाऱ्या वर्गांपेक्षा मला हे कितीतरी मोलाचे वाटते. संवादातला केवळ ७ टक्के अर्थ शब्दांतून पोहोचतो, हे तिथे हमखास सांगितले जाणारे विधान तर चुकीचेच आहे. तो आकडा मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या संशोधनातून आला; तो भावना आणि आवडनिवड व्यक्त करण्यापुरताच होता, आणि हे त्यांनी स्वतः स्पष्ट केले आहे.

प्रशिक्षणाबाहेरही ऐकणाऱ्याचे उत्तर मिळवता येते. सांगून झाल्यावर ‘समजले ना?’ असे विचारले की ‘हो’ हेच उत्तर मिळते; त्याऐवजी ‘मी नीट सांगितले का हे मला पाहायचे आहे, तुम्हाला काय कळले ते तुमच्या शब्दांत सांगता का?’ असे विचारायचे. डीन शिलिंगर आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये मधुमेही रुग्णांच्या भेटींमधील संभाषणे तपासली, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलेल्या १२४ नव्या गोष्टींपैकी केवळ १५ गोष्टींबाबत, त्या रुग्णाला कळल्या की नाही हे डॉक्टरांनी विचारून पाहिल्याचे आढळले. त्या १५ पैकी ७ वेळा रुग्णाचे उत्तर चुकीचे निघाले, आणि त्या सातही वेळी डॉक्टरांना ती गोष्ट तिथेच पुन्हा समजावून सांगण्याची संधी मिळाली. उरलेल्या १०९ गोष्टींचे काय झाले, हे सांगणाऱ्या डॉक्टरांना कळलेच नाही.