छत्रीधारी पलटणींची पार्श्वभूमी: उडी आकाशातून, लढाई बहुधा पायीच

पॅराशूट रेजिमेंट म्हटलं की विमानाच्या दारातून झेप घेणारा जवान डोळ्यांसमोर येतो. इतिहास चाळला की चित्र बदलतं. शत्रूच्या मुलखात छत्रीने मोठ्या संख्येनं उतरण्याची वेळ या सैनिकांवर फार थोड्यांदा आली. नाव झालं ते डोंगर चढून, खंदकात तग धरून आणि रात्री पायी घुसून केलेल्या हल्ल्यांमुळे. तरीही उडी हाच या रेजिमेंटचा कणा राहिला.

सुरुवात दुसऱ्या महायुद्धातली. ऑक्टोबर १९४१ मध्ये दिल्लीत ५० वी भारतीय पॅराशूट ब्रिगेड उभी राहिली. तिच्यात एक ब्रिटिश, एक भारतीय आणि एक गुरखा बटालियन होती. छत्रीने उडी घेणारे पहिले भारतीय होते १५२ व्या बटालियनचे डॉक्टर लेफ्टनंट ए. जी. रंगराज आणि त्यांच्यासोबत हवालदार मेजर मथुरा सिंग. पहिल्या उडीचा मान बंदूकवाल्याइतकाच पलटणीच्या डॉक्टरलाही मिळावा, हे मला फार आवडतं.

या ब्रिगेडची पहिली मोठी लढाई मात्र जमिनीवरच झाली. मार्च १९४४ मध्ये जपानी फौजा कोहिमाकडे सरकत असताना मणिपूरमधल्या सांगशाक गावाच्या टेकडीवर ती सहा दिवस अडून बसली. सोबत मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी बटालियनही होती. खडकाळ जमिनीत खोल खंदक खणता येत नव्हते, काटेरी तारा नव्हत्या, पाणी तुटपुंजं होतं. विमानांतून छत्र्यांनी टाकलेली रसद बरीचशी जपान्यांच्या हाती पडली. २६ मार्चच्या रात्री माघारीचा हुकूम आला आणि उरलेले जवान जंगलातून वाट काढत इंफाळकडे निघाले. ब्रिगेडची हानी भयंकर झाली, पण कोहिमा आणि इंफाळच्या बचावाला मोलाचे दिवस मिळाले. रंगूनजवळ एलिफंट पॉइंटवर प्रत्यक्ष छत्रीने उतरण्याची संधी गुरखा जवानांना मिळाली, ती थेट १ मे १९४५ रोजी.

मार्च १९४५ मध्ये स्थापन झालेली भारतीय पॅराशूट रेजिमेंट युद्ध संपताच मोडली गेली. मग पायदळाच्या जुन्या पलटणींनाच छत्रीचं प्रशिक्षण देण्यात आलं. १५ एप्रिल १९५२ रोजी त्यांतल्या तीन एकत्र आणून आजची रेजिमेंट घडवली: पंजाबची पहिली पॅरा, मराठ्यांची दुसरी, कुमाऊंची तिसरी. दुसरी पॅरा म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन. इटलीत जुलै १९४४ मध्ये एकट्याने मशीनगनवर चालून गेलेले आणि मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेले माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे याच पलटणीचे. उडीचं प्रशिक्षण आलं ते नंतर, तोवर पलटणीचं नाव झालेलं होतं.

काश्मीरच्या पहिल्या युद्धात ५० पॅरा ब्रिगेडचे ब्रिगेडियर महंमद उस्मान यांनी जम्मू भागातलं झांगर परत घेईपर्यंत खाटेवर झोपणार नाही असा पण केला होता. मार्च १९४८ मध्ये झांगर घेतलं, त्यात तिसरी मराठा पुढे होती. मग गावातून एक चारपाई मागवून आणली गेली. ३ जुलैला तिथेच तोफगोळ्याने उस्मान यांना वीरमरण आलं. इथेही छत्रीचा संबंध नावापुरता.

कोरियात मात्र तेच रंगराज, आता लेफ्टनंट कर्नल, ६० पॅराशूट फील्ड अ‍ॅम्ब्युलन्सची तुकडी घेऊन मार्च १९५१ मध्ये अमेरिकी छत्रीधाऱ्यांबरोबर मुनसानला उतरले. १९६५ साली मेजर रणजितसिंग दयाल यांच्या पहिल्या पॅराने हाजीपीर खिंड घेतली ती पुन्हा पायीच, रात्रभर पावसात चढून.

अपवाद टांगाइलचा, तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या, म्हणजे आजच्या बांगलादेशातल्या. ११ डिसेंबर १९७१ च्या दुपारी उशिरा लेफ्टनंट कर्नल कुलवंतसिंग पन्नू यांची दुसरी पॅरा, म्हणजे जुनी मराठा पलटण, तोफा आणि सामानासह तिथे उतरली. काम होतं पुंगली पूल ताब्यात घेऊन मैमनसिंगहून ढाक्याकडे मागे सरकणारी पाकिस्तानी ब्रिगेड अडवायचं. जवान शेतांत विखुरले, काही सामान तळ्यांत गेलं. गावकऱ्यांनी ते काढायला, वाहायला मदत केली. अंधार पडल्यावर पूल हाती आला आणि रात्रभर शत्रूचे हल्ले परतवले गेले. ब्रिगेडचा काही भाग आधीच निसटला होता, हेही सांगायला हवं. पण बातमीचा परिणाम पुलापेक्षा मोठा ठरला. वर्तमानपत्रांना आग्र्याच्या सरावाचं जुनं छायाचित्र दिलं गेलं आणि अख्खी ब्रिगेड उतरल्याचा समज परदेशातही पसरला. १६ डिसेंबरला ढाक्यात शिरणारी पहिली भारतीय पलटण हीच.

कमांडोंची शाखा वेगळ्या वाटेने आली. १९६५ च्या युद्धात मेजर मेघसिंग यांनी स्वयंसेवकांची ‘मेघदूत फोर्स’ जमवून सीमेपलीकडे छापे घातले. त्या अनुभवातून १९६६ मध्ये नववी पॅरा कमांडो उभी राहिली, तिच्यातूनच पुढे दहावी. १९७१ मध्ये नवव्या पॅराने पाकव्याप्त काश्मीरमधल्या मंढोलला पाकिस्तानी तोफा उडवल्या. दहाव्या पॅराने जयपूरचे सवाई भवानीसिंग यांच्या नेतृत्वाखाली वाळवंटातून जीपने पाकिस्तानच्या सिंधमधल्या छाछरोवर छापा घातला.

परंपरांचं मूळ एकाच नियमात आहे: इथे कुणाला पाठवलं जात नाही, माणूस स्वतःहून येतो. प्रोबेशनच्या महिन्यांत निम्म्याहून अधिक झोप आणि बराचसा अहंकार जातो. जो टिकत नाही तो मुकाट्याने मूळ पलटणीत परततो. मग आग्र्याला हवाई दलाच्या शाळेत पाच उड्या, त्यांतली एक रात्रीची, आणि छातीवर पंख. मरून बेरे टोपी ब्रिटिश छत्रीधाऱ्यांकडून आली. तिचा रंग त्यांचे सेनापती जनरल ब्राउनिंग यांच्या पत्नीने निवडल्याची गोष्ट लोकप्रिय आहे, खुद्द त्या बाईंनी मात्र ती नाकारली. टोपी मिळाली की रमचा ग्लास रिकामा करून त्याची काच दाताने तोडून चावायची, ही रीत आपल्याकडची. डॉक्टरांना ती ऐकूनच घाम फुटत असेल.

‘बलिदान’ बिल्ला फक्त पॅरा स्पेशल फोर्सेसचा, म्हणजे कमांडो पलटणींचा, सगळ्या रेजिमेंटचा नाही. २०१९ च्या विश्वचषकात महेंद्रसिंग धोनीच्या ग्लव्हजवर ते चिन्ह दिसलं आणि आयसीसीने ते काढायला लावलं, तेव्हा हा फरक चर्चेत फारसा आलाच नाही. धोनी प्रादेशिक सेनेच्या पॅरा बटालियनचा मानद लेफ्टनंट कर्नल. पण २०१५ मध्ये आग्र्याला त्यालाही पाचही उड्या माराव्या लागल्या.

१९९६ मध्ये मराठा लाइट इन्फंट्रीची आणखी एक पलटण, एकविसावी, स्पेशल फोर्सेसमध्ये गेली. दुसरी पॅराही पुढे त्याच वाटेने गेली.