वेल्ड लाइन आणि मेल्ड लाइन: काच भरलेल्या नायलॉनमधले दोन निरनिराळे सांधे

साच्यात शिरलेले वितळलेले प्लास्टिक एखाद्या कोअर पिनपाशी (भागात भोक ठेवण्यासाठी साच्यात बसवलेल्या कांडीपाशी) दुभंगते किंवा दोन गेटमधून, म्हणजे माल शिरण्याच्या वाटांतून, दोन दिशांनी येते, आणि पुढे कुठेतरी हे प्रवाह पुन्हा एकत्र येतात. तिथे उमटणाऱ्या बारीक रेघेला कारखान्यात सरसकट वेल्ड लाइन म्हटले जाते. काटेकोरपणे पाहिल्यास, प्रवाह समोरासमोर येऊन तिथेच थांबले तर ती वेल्ड लाइन, आणि भेटल्यावर शेजारीशेजारी एकाच दिशेने वाहत राहिले तर ती मेल्ड लाइन होय. प्रवाहांच्या आघाड्यांमधला, म्हणजे पुढच्या कडांमधला, कोन (समोरासमोरच्या भेटीत तो शून्याजवळ असतो) साधारण १३५ अंशांपेक्षा लहान असेल तर वेल्ड आणि मोठा असेल तर मेल्ड, असा संकेत आहे. एकाच पिनमागे सुरुवातीला वेल्ड आणि पुढे मेल्ड अशी एकच रेघ बदलत जाते, हेही ध्यानात ठेवावे.

काच नसलेल्या नायलॉनमध्ये हा भेद फारसा जाचत नाही, कारण माल पुरेसा गरम असेल तर दोन्ही बाजूंच्या रेणूसाखळ्या एकमेकींत गुंततात. मजबुतीसाठी मिसळलेल्या काचतंतूंचे तसे नाही. सुमारे १० मायक्रॉन जाडीचे हे तंतू माल वितळवून पुढे ढकलणाऱ्या स्क्रूमधून जाताना मोडून बहुतेक अर्ध्या मिलिमीटरहूनही आखूड होतात, आणि प्रवाहाच्या आघाडीवर माल मधून भिंतीकडे उलगडत असल्यामुळे तिथले तंतू आघाडीला समांतर आडवे पडतात. अशा दोन आघाड्या समोरासमोर टेकल्या की रेघ ओलांडणारा तंतू जवळजवळ उरत नाही. म्हणूनच ३० टक्के काच असलेल्या कोरड्या नायलॉन ६६ची एरवी सुमारे १८० मेगापास्कल असणारी ताणशक्ती वेल्ड लाइनवर निम्म्यापर्यंत किंवा त्याहूनही खाली येऊ शकते. तिथला भार जवळजवळ एकटे नायलॉनच पेलत असते.

साच्याचे तापमान, मालाचे तापमान आणि इंजेक्शनचा वेग वाढवण्याचा नेहमीचा सल्ला इथे तोकडा पडतो. त्याने पृष्ठभागावरची खाच भरते आणि रेघ दिसेनाशी होते, पण आडवे पडलेले तंतू काही वळत नाहीत; किंबहुना रेघ दिसत नाही म्हणून भाग मंजूर करणे मला अधिक धोक्याचे वाटते. कोंडलेली हवा बाहेर पडावी म्हणून व्हेंट मात्र हवेतच.

मेल्ड लाइन आपोआप मजबूत असते, हा समजही अपुरा आहे. पुढे वाहताना माल अधिक मिसळतो हे खरे, परंतु पृष्ठभागाजवळचे तंतू प्रवाहाच्या, म्हणजे रेघेच्याच दिशेने लागतात. भार रेघेच्या दिशेने असेल तर हे लाभाचेच आहे. आडवा असेल तर दुबळेपणा उरतोच. त्यामुळे इथे गेटची जागा किंवा भिंतीची जाडी बदलून रेघ भाराच्या मार्गातून हलवणे, हाच सरळ उपाय ठरतो.

वेल्ड लाइनवर खरा उपाय एकच: भेटीनंतर मालाला रेघेपलीकडे सरकायला लावणे. त्यासाठी ओव्हरफ्लोची, म्हणजे जादा माल जाण्यासाठीची, खोबण रेघेच्या एका बाजूला द्यावी. ती नेमकी रेघेच्या टोकाशी दिली तर माल रेघेच्याच दिशेने ओढला जातो आणि वेल्डची फक्त मेल्ड होते. दोन गेटमुळे पडणारी रेघ टाळायची असेल तर पहिल्या गेटचा प्रवाह दुसऱ्यावरून पुढे गेल्यावरच दुसरा व्हॉल्व्ह गेट (हवे तेव्हा उघडता-मिटता येणारा गेट) उघडावा. ब्रिटनमधल्या ब्रुनेल विद्यापीठात १९८०च्या दशकात विकसित झालेल्या पद्धतीत माल गोठत असताना दोन पिस्टन त्याला मागेपुढे ढकलतात आणि तंतू रेघ ओलांडून लागतात. साचा आणि यंत्रणा मात्र महाग पडते. भोकामागची रेघ व्हॉल्व्ह गेटने जात नाही, कारण पिन प्रवाह दुभंगणारच. तिथे कधीकधी भोक साच्यात न देता नंतर ड्रिलने पाडणे परवडते, जरी त्यात काही तंतू कापले जात असले तरी.