उन्हाळ्यात अल्जिनेटचा गम पातळ का होतो?

अल्जिनेट ही समुद्री शेवाळातून काढलेली पावडर. ती पाण्यात भिजवून केलेल्या घट्ट गममध्ये कापडछपाईचा रंग कालवतात. आम्ही ती विकतो, आणि एप्रिल लागला की गिऱ्हाइकांची तक्रार ठरलेली : "काल भिजवलेला गम आज पाणी झाला, पावडर बदलून द्या." हल्ली तिच्याबरोबर एक मागणीही येते : "उष्णता सोसणाऱ्या केल्पची जात निघाली आहे म्हणे, तिची पावडर मागवा."

अशा जाती खरंच आहेत. केल्प हे थंड समुद्रातलं शेवाळ. पाणी 20 अंशांच्या वर गेलं की वाढ खुंटते, पात्यांची टोकं सडू लागतात. जपानी केल्प 1927 मध्ये चीनच्या दालियन किनाऱ्यावर पोचलं, पुढे त्याची शेती पार दक्षिणेला फुजियानपर्यंत गेली. निवड आणि संकर करून थोडं जास्त गरम पाणी सोसणाऱ्या जाती तिथे काढल्या गेल्या. पण हे सोसणं जिवंत शेवाळाचं. त्यातून काढलेल्या पावडरीत ते उतरत नाही, आणि बडोद्याच्या 42 अंशांशी तर त्याचा काही संबंधच नाही.

जातीचा फरक पडतो तो दुसरीकडे. अल्जिनेटच्या साखळीत मॅन्युरोनिक आणि ग्युलुरोनिक अशी दोन आम्लं असतात. ग्युलुरोनिक जास्त असलं, की पाण्यातल्या कॅल्शियमने गम थिजतो आणि छपाईची जाळी तुंबते. लॅमिनारिया हायपरबोरिया या केल्पच्या देठात ते भरपूर; जपानी केल्पात मॅन्युरोनिक जास्त, म्हणून छपाईसाठी आम्ही तोच माल ठेवतो. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावरच्या सरगॅसम या शेवाळामधूनही अल्जिनेट निघतं, पण त्याला घट्टपणा बहुधा कमी. जात एकच असली तरी शेवाळाचं वय आणि काढणीचा महिना बदलला की माल बदलतो. पिशवीवर बॅच आणि व्हिस्कॉसिटी, म्हणजे घट्टपणाचं माप, छापतो ती यासाठीच. जुन्या पिशवीचं माप नव्या पिशवीला लावू नका.

आता खरी चूक. आठवड्याचा गम एकदम भिजवायचा, त्यातच रंग पक्का करणारा सोडा ॲश (धुण्याचा सोडा) घालायचा आणि पिंप पत्र्याच्या शेडमध्ये ठेवायचं. नुसत्या उष्णतेने दर अंशाला घट्टपणा सुमारे अडीच टक्के उतरतो. गार झाला की परत येतो. जंतूंनी खाल्लेला किंवा सोडा ॲशने तोडलेला मात्र परत येत नाही. तेव्हा पावडरीला दोष देण्याआधी वाटीभर गम माठाशेजारी गार करून पाहा. घट्ट झाला तर काही बिघडलेलं नाही. पातळच राहिला आणि वास मारतो, तर जंतू. वास नाही तरी पातळ, तर आधी सोड्याकडे बघा.

उन्हाळ्यात लागेल तेवढाच गम करा. पावडर कोरड्या युरियात मिसळून, ढवळत्या गार पाण्यात, पिठल्याला पीठ भुरभुरवावं तशी घाला. एकदम ओतली तर गुठळ्या दिवसभर फुटत नाहीत. सोडा ॲशऐवजी खायचा सोडा वापरा, तोही छपाईच्या आधी, रंगाबरोबर. फाइन आर्ट्स कॉलेजची मुलं हे नीट करतात. घाई असते ती कारखान्यांना.

उघडलेली पिशवी आम्ही परत घेत नाही, त्यावर काहींचा राग आहे. ओल लागलेली पावडर दुसऱ्याच्या गळ्यात मारणं आम्हाला जमणार नाही. त्यापेक्षा उन्हाळ्यात अर्ध्या किलोचं पाकीट न्या. किलोमागे दर थोडा जास्त पडतो, पण फेकलेल्या पिंपापेक्षा स्वस्तच. स्टार्चचा गम त्याहून स्वस्त, हे मान्य. पण रिॲक्टिव्ह रंग, म्हणजे धाग्याशी रासायनिक रीतीने जोडला जाणारा रंग, धाग्याऐवजी या स्टार्चशीच जोडला जातो. रंग फिका येतो आणि कापड कडक.

बोअरचं पाणी वापरत असाल तर येताना बाटलीभर आणा. जडपणा तपासून हेक्झामेटाफॉस्फेट (पाण्यातलं कॅल्शियम बांधून ठेवणारी पावडर) किती घालायचं ते इथेच सांगू. तेही आमच्याकडे मिळतं.