शुक्राणू शोधायची शस्त्रक्रिया आणि तिचा अंदाज (जनुकीय वंध्यत्व)

वीर्याच्या तपासणीत एकही शुक्राणू दिसला नाही, म्हणजे आपल्याकडं ज्याला सरळ 'निल रिपोर्ट' म्हणतात तो आला, तर अशा पुरुषाच्या वृषणात ऑपरेशन करून शुक्राणू मिळतील का, हे आधीच सांगायचा प्रयत्न म्हणजे हा अंदाज. सगळ्या पुरुषांत साधारण १ टक्का आणि मूल होत नाही म्हणून दवाखान्यात आलेल्या पुरुषांत १० ते १५ टक्के निल असतात. त्यातल्या काहींचं कारण गुणसूत्रात नाहीतर जनुकात असतं. गंमत म्हणजे ह्याच लोकांच्या बाबतीत अंदाज कधी अगदी पक्का निघतो आणि कधी निव्वळ छापा-काटा.

१९९२ च्या आधी हा प्रश्न फारसा कुणाला पडतच नव्हता. त्या वर्षी ब्रुसेल्सच्या टीमनं इक्सी जाहीर केलं, स्त्रीबीजात सुईनं एकच शुक्राणू सोडायचा, त्यामुळं लाखांचा काउंट लागायची अट गेली आणि वृषणातून पाच-दहा मिळाले तरी भागायला लागलं. मग १९९९ मध्ये न्यूयॉर्कच्या पीटर श्लेगल यांनी मायक्रो टेसे आणलं. भूल देऊन वृषण उघडायचं, मायक्रोस्कोप लावून २० ते २५ पट मोठं करून आतल्या नळ्या बघायच्या. त्या नळ्या शेवयांसारख्या दिसतात, बहुतेक बारीक, अर्धपारदर्शक, आणि त्यात एखादी जरा जाड, दुधट, भरलेली. सर्जन तेवढीच उचलतो, शेजारच्या खोलीत एम्ब्रियॉलॉजिस्ट (लॅबमध्ये बीज-गर्भ हाताळणारा) ती बारीक करून स्लाइडवर शोधत बसतो. हे काम तासन्‌तास चालतं आणि बाहेर बाकड्यावर सासरा, मेव्हणा, बायको सगळे दाराकडं डोळे लावून.

कोल्हापूर भागात पेशंट इथवर येतो तो बऱ्याच फेऱ्या मारून. आधी दोन-तीन वर्षं बायकोचीच सोनोग्राफी, तिच्याच नळ्यांचा एक्स-रे, नवस-सायास, आणि मग कधीतरी एखादी शहाणी आत्या म्हणते, "ह्येचं बी बघा की एकदा." तोवर फाइल साडीच्या दुकानाच्या पिशवीत मावेनाशी झालेली असते. निल आला की घरात पहिला प्रश्न 'ऑपरेशन करून मिळतंय का' हाच, आणि बरेचजण तो रिपोर्ट घेऊन थेट ऑपरेशनची तारीखच मागतात. अंदाजाची सगळी गोम ह्याच घाईत आहे, कारण ज्या तपासणीवर तो ठरतो ती रक्ताची आहे आणि ती चिरफाडीच्या आधीच करायची असते.

त्याआधी निल खरंच निल आहे का ते बघतात. नमुना जोरात फिरवून तळाला बसलेला गाळ तपासतात आणि तेही दोन वेगळ्या वेळी, कारण कधीकधी गाळात चार-दोन सापडतात आणि ऑपरेशनच टळतं. तालमीत नाहीतर जिममध्ये कुणी 'ताकदीचं' इंजेक्शन घेत असेल तर तेही विचारून घ्यावं लागतं. बाहेरून टेस्टोस्टेरॉन टोचलं की मेंदूकडून वृषणाला जाणारा हुकूमच थांबतो आणि धडधाकट पैलवानाचा काउंटसुद्धा शून्यावर येतो. हे जनुकीय नव्हे, इंजेक्शन बंद केल्यावर बहुतेकांचं हळूहळू परत येतं, पण पोरं सांगत नाहीत.

मग रक्त. दोन बाटल्या लागतात. हिरव्या टोपणाची गुणसूत्रांसाठी, म्हणजे कॅरिओटाइपसाठी, तिच्यातल्या पेशी जिवंत राहायला लागतात कारण लॅबमध्ये त्या साधारण ७२ तास वाढवून मग रंगवून बघतात, त्यामुळं ती बाटली गोठवायची नाही. जांभळ्या टोपणाची डीएनएसाठी, तिच्यावर वाय गुणसूत्राचे तुकडे जागेवर आहेत का ते तपासतात. नमुना बऱ्याचदा कुरिअरनं पुण्या-मुंबईला जातो आणि रिपोर्टला दोन-तीन आठवडे लागतात, ते थांबणं लोकांच्या जिवावर येतं.

वाय गुणसूत्राची गोष्ट सगळ्यात स्वच्छ आहे. १९७६ मध्ये टिएपोलो आणि झुफार्डी ह्या इटालियन शास्त्रज्ञांनी दाखवलं की वायच्या लांब भुजेचं टोक नसलेल्या पुरुषांत शुक्राणू नसतात. पुढं १९९६ मध्ये फोख्त आणि सहकाऱ्यांनी तिथं तीन भाग केले, एझेडएफ ए, बी आणि सी. ए भाग अख्खा उडालेला असेल तर नळ्यांमध्ये बीजपेशीच नसतात, फक्त आधार देणाऱ्या सर्टोली पेशी. बी किंवा बी-सी मिळून अख्खं उडालं असेल तर पेशी असतात पण अर्ध्यावर अडकतात. ह्या दोन्हींत शुक्राणू मिळायची शक्यता जवळपास शून्य, म्हणून ऑपरेशन करूच नये असं मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. तेच फक्त सी गेला असेल तर चित्र पार वेगळं, काहींच्या वीर्यातच थोडे सापडतात आणि जे निल आहेत त्यांच्यात मायक्रो टेसेनं निम्म्याहून जास्त जणांत मिळतात. म्हणजे रिपोर्टमधल्या एका अक्षरानं सगळा निकाल फिरतो, आणि तरीही ही तपासणी न करता वृषणात सुया घातलेली माणसं भेटतात ह्याला काय म्हणायचं. सी वाल्यांना एक गोष्ट आधीच सांगावी लागते, मुलगा झाला तर हाच तुटका वाय त्याच्याकडं जाणार.

असंच स्वच्छ शून्य आणखी एका ठिकाणी येतं. माणूस दिसायला पुरुष, पण कॅरिओटाइप ४६ एक्सएक्स. वायवरचा पुरुषपण ठरवणारा छोटासा तुकडा एक्सला चिकटलेला असतो आणि बाकी वायच नाही, म्हणजे एझेडएफचे तिन्ही भाग नाहीत. इथं शोधण्यासारखं काही उरत नाही.

आता क्लाइनफेल्टर सिंड्रोम, जिथं खरी डोकेदुखी. १९४२ मध्ये हॅरी क्लाइनफेल्टर यांनी त्याची लक्षणं लिहिली, १९५९ मध्ये पॅट्रिशिया जेकब्स आणि जॉन स्ट्राँग यांनी जादा एक्स दाखवला, म्हणजे ४७ एक्सएक्सवाय. साधारण ५०० ते ७०० मुलांमागे एक, त्यामुळं दुर्मिळ म्हणवत नाही, पण बऱ्याच जणांना लग्नानंतर निल आल्यावरच कळतं. डॉक्टरकडं मण्यांची एक माळ असते, जोतिबाच्या जत्रेत मिळेल अशी दिसते, १ ते २५ मिलीपर्यंतचे लाकडी नाहीतर प्लॅस्टिकचे मणी. वृषण हातात घेऊन त्या मण्यांशी ताडून बघायचं. एरवी १५ ते २५ च्या मण्याला जुळतं, क्लाइनफेल्टरमध्ये बोराएवढं, बऱ्याचदा ४ मिलीच्याही आत आणि टणक.

पूर्वी असं वृषण बघितलं की डॉक्टर 'सोडा नाद' म्हणायचे. मात्र २०१७ सालच्या एका मोठ्या एकत्रित आढाव्यात ३७ अभ्यासांतले १,२४८ पुरुष धरले होते आणि ४४ टक्के वेळा शुक्राणू मिळाले. कारण आत सगळं मेलेलं नसतं. वयात येताना बीजपेशी भराभर जातात, नळ्या काचेसारख्या कडक होतात, पण मधेच एखादं बेट शिल्लक राहतं. असं मानतात की तिथल्या काही पेशींनी जादा एक्स टाकून दिलेला असतो, म्हणूनच ह्या शुक्राणूंपासून झालेली बहुतेक मुलं गुणसूत्रांच्या बाबतीत नॉर्मल असतात.

पण ते बेट कुणात आहे हे बाहेरून ओळखायचं कसं? एफएसएच (मेंदूकडून वृषणाला हुकूम देणारं हॉर्मोन) सगळ्यांचंच वाढलेलं, त्यामुळं त्यावरून निवड होत नाही. आकार सगळ्यांचाच लहान. वयाबद्दल वाद आहे, पस्तिशीनंतर कमी मिळतात असं काही अभ्यास म्हणतात पण त्या मोठ्या आढाव्यात तसं दिसलं नाही. पोरगा तेरा-चौदाचा असतानाच काढून ठेवा असाही एक विचार होता, पण त्या वयात जास्त मिळतात असा पुरावा नाही. लेट्रोझोलसारख्या गोळ्यांनी टेस्टोस्टेरॉन वर येणाऱ्यांत जास्त मिळाले असं काही ठिकाणी दिसलं, ठाम म्हणता येत नाही. हे सगळे आकडे कॉम्प्युटरला घालून टक्केवारी काढायची मॉडेलंही निघाली आहेत, पण एकेका दवाखान्याच्या थोड्याशा पेशंटवर बेतलेली, दुसरीकडं नेली की डळमळतात. त्यामुळं "तुमचे मिळतील" किंवा "तुमचे नाहीत" असं छातीठोकपणे सांगणाऱ्यावर माझा तरी विश्वास बसत नाही, "निम्म्याच्या आतबाहेर" एवढंच खरं. शिवाय आधीच नाजूक वृषण उघडल्यावर टेस्टोस्टेरॉन आणखी खाली जाऊ शकतं, काहींना नंतर कायमची ट्रीटमेंट लागते, ते सही घेताना नीट सांगायला पाहिजे.

एकेका जनुकातले दोष अलीकडं कळायला लागलेत. इथं फसगत अशी की वृषणाचा आकार चांगला, एफएसएच नॉर्मल, सगळे खूश, आणि उघडल्यावर सगळ्या पेशी अर्ध्यावर थांबलेल्या. एक्सवरच्या टेक्स ११ ह्या जनुकातला दोष आईकडून येतो (सासूबाईंना ऐकवायला नवा मुद्दा मिळाला असं कुणी समजू नये). स्टॅग ३ किंवा एमईआय १ सारख्या जनुकांत आई-बाप दोघांकडून एकेक बिघडलेली प्रत यावी लागते. आपल्याकडं मामाच्या पोरीशी लग्न अजून होतं, आणि नवरा-बायको नात्यातले असले की त्यांच्या पोरात अशा दोन प्रती जुळायची शक्यता वाढते, म्हणून पेशंटचे आईवडील नात्यातले होते का हे विचारावं. क्लाइनफेल्टरचा आणि बहुतेक एझेडएफचा नात्यातल्या लग्नाशी संबंध नसतो.

उलट्या बाजूलाही जनुकीय कारणं आहेत. सीएफटीआर जनुकातल्या दोषानं जन्मतःच शुक्रवाहिनी नसते, वीर्य थोडं आणि आम्लधर्मी, डॉक्टरच्या बोटांना नळी लागत नाही, पण कारखाना चालू असतो. साध्या सुईनं जवळपास सगळ्यांत मिळतात, फक्त बायकोचीही सीएफटीआर तपासणी आधी करायची. कालमन सिंड्रोममध्ये हुकूमच येत नाही, एफएसएच खाली, आणि ह्यांना वास येत नाही नाहीतर फार कमी येतो, तांबड्या रश्श्याची फोडणी बसली तरी ह्या गड्याला पत्ता नसतो. त्यांना हॉर्मोनची इंजेक्शनं महिनोन्‌महिने दिली की अनेकांच्या वीर्यातच शुक्राणू येतात, ऑपरेशन लांबच राहिलं.

अंदाज शून्य निघाला की घरातली वडीलधारी हळूच म्हणतात, "धाकट्याचंच घ्या की, घरचंच रक्त." पण २०२१ च्या एआरटी (टेस्ट ट्यूबसारख्या उपचारांच्या) कायद्यानं दात्याचे शुक्राणू नोंदणीकृत बँकेतूनच घ्यावे लागतात, दाता २१ ते ५५ वर्षांचा, तपासलेला, आणि एका दात्याचं बीज एकाच जोडप्याला.