गर्भनिरोधक इम्प्लांट : मुंबईतील प्राथमिक आरोग्यसेवा आणि स्त्रियांचे अनुभव

गर्भनिरोधक इम्प्लांट म्हणजे स्त्रीच्या दंडाच्या आतल्या बाजूला, कातडीखाली बसवायची लवचीक कांडी. आता प्रचलित असलेली एककांडी ४ सेंटिमीटर लांब आणि २ मिलिमीटर जाड असते. तिच्यातले ६८ मिलिग्रॅम इटोनोजेस्ट्रेल हे संप्रेरक ३ वर्षे थोडेथोडे रक्तात उतरते. त्यामुळे अंडे बाहेर पडत नाही आणि गर्भाशयाच्या मुखाशी असलेला स्राव दाट होतो. हजार जणींनी वर्षभर वापरली तर जेमतेम एखादीला दिवस जातात. हे प्रमाण स्त्रियांच्या नसबंदीपेक्षाही कमी आहे. लैंगिक संबंधांतून होणाऱ्या संसर्गापासून मात्र ती वाचवत नाही, त्यासाठी निरोध लागतोच.

संततिनियमन मुंबईला नवे नाही. र. धों. कर्वे यांनी आपले केंद्र १९२१ मध्ये याच शहरात उघडले, १९४९ मध्ये भारतीय कुटुंब नियोजन संघटना इथे स्थापन झाली आणि प्रजनन आरोग्यावर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्थाही परळलाच आहे. इम्प्लांटची वाट मात्र सरळ नव्हती. नॉरप्लांट या आधीच्या इम्प्लांटच्या चाचण्या भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने १९८०च्या दशकात सुरू केल्या, तेव्हा मुंबईसह देशभरच्या स्त्री संघटनांनी विरोध केला. बाईला स्वतः थांबवता न येणारे साधन तिच्या अंगात घालायचे, तेही तिची संमती नीट न घेता, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. आणीबाणीतल्या नसबंदीची आठवण तेव्हा ताजी होती. सक्तीच्या नसबंदीचे विधेयक १९७६ मध्ये महाराष्ट्राच्याच विधिमंडळाने मंजूर केले होते. २०२३ च्या सुमारास केंद्र सरकारने एककांडी इम्प्लांट निवडक राज्यांतल्या निवडक जिल्ह्यांपुरते कार्यक्रमात आणले. तांबी, माला-एन ही रोजची गोळी, २०१७ पासून मिळणारे तिमाही ‘अंतरा’ इंजेक्शन आणि ‘ऑपरेशन’ यांच्या तुलनेत मुंबईच्या वस्त्यांत ही कांडी अजून अनोळखीच आहे.

कांडी बसवणे सोपे असते. हेल्थ पोस्ट म्हणजे महापालिकेचे वस्तीतले छोटे आरोग्य केंद्र. तिथे किंवा दवाखान्याच्या पातळीवरही प्रशिक्षित डॉक्टर जागा बधिर करून काही मिनिटांत ती बसवू शकतो. तांबीला नकार देणाऱ्या कित्येकींचा खरा नकार तपासणीच्या टेबलाला असतो, आणि इथे फक्त बाही वर करावी लागते. अंगावर पाजणाऱ्या आईलाही चालते. रोज गोळी आठवायची कटकट नाही आणि घरात पाकीट सापडण्याची भीती नाही. दहा बाय दहाच्या खोलीत सासू-दिरांसह राहणाऱ्या बाईला ही शेवटची गोष्ट फार मोलाची वाटते. अर्थात बोटाने चाचपले तर कांडी लागते, त्यामुळे नवऱ्यापासून ती लपेलच असे नाही.

खरी कुरकुर पाळीची. ढोबळमानाने पाचातल्या एकीची पाळी थांबते, तिघींतल्या एकीची विरळ होते, आणि साधारण सहांतल्या एकीला मात्र बरेच दिवस अंगावर जात राहते. डॉक्टरी भाषेत हा ‘अनियमित रक्तस्राव’. पण चाळीतला सामाईक संडास, ठरावीक वेळेलाच येणारे पाणी आणि पाळीत देवाला शिवायचे नाही हा घरातला दंडक यांच्यात राहणाऱ्या बाईला पंधरा दिवसांचे डागसुद्धा घरभर जाहीर होतात. ऐन गणपतीत बाजूला बसावे लागले की सासूचा पहिला प्रश्न ‘हातात काय घालून आलीस?’ असा असतो. उलट पाळी थांबली, की दिवस गेले की काय ही धास्ती, नाहीतर ‘घाण रक्त आत साठतंय’ ही समजूत. प्रत्यक्षात गर्भाशयाचे अस्तर पातळच राहते, साठायला काही नसते. हे दोन वाक्यांत सांगता येते. फक्त ते कांडी बसवण्याआधी सांगायला हवे. हे काम बहुधा सिस्टर आणि वस्तीत फिरणाऱ्या आरोग्य सेविकेवर येते. त्यांनी आधी सांगितले असेल तर तोच रक्तस्राव बाई बऱ्याचदा निभावून नेते.

मुंबईत आणखी एक प्रश्न विचारायलाच हवा : टीबीचे औषध चालू आहे का? त्यातल्या रिफॅम्पिसिन या औषधामुळे यकृत हे संप्रेरक भराभर मोडून टाकते आणि कांडीचा भरवसा राहत नाही. काही अपस्माराच्या औषधांचेही तसेच. टीबीची गोष्ट शेजारपाजाऱ्यांपासून लपवली जाते, म्हणून चारचौघांत विचारले तर उत्तर ‘नाही’ असेच येणार.

काढण्याचा प्रश्न सगळ्यांत नाजूक, आणि चाळीस वर्षांपूर्वीचा आक्षेपही नेमका इथेच होता. काढायला दोन-तीन मिलिमीटरचा छेद पुरतो. नंतर, ‘अंतरा’सारखी महिनोन् महिने वाट न पाहता, दिवस जाऊ शकतात. पण ‘काढा’ म्हणणाऱ्या बाईला ‘अजून सहा महिने बघ’ असे ऐकावे लागणे जगभर नोंदले गेले आहे. कारण न विचारता काढून देणे हा सेवेचाच भाग धरला, तरच पाळणा लांबवण्याचा निर्णय तिचा म्हणता येतो. मे महिन्यात बाई गावी जाते, भाड्याची खोली बदलते, कार्ड हरवते, आणि मग कांडी बसवलेल्या दवाखान्यापासून ती दोन लोकल लांब असते. कांडी खोल गेली असेल, हाताला लागत नसेल, तर छेद देण्याआधी सोनोग्राफी किंवा एक्स-रे करून ती शोधावी लागते. त्यासाठी मोठ्या रुग्णालयाची चिठ्ठी लागते आणि घरकाम करणाऱ्या बाईचा एक दिवसाचा पगार जातो.