औद्योगिक ईथरनेटमधील ऑब्जेक्ट मॉडेल

ईथरनेट या संगणक-जाळ्याने जोडलेल्या ड्राइव्ह (मोटरचा वेग नियंत्रित करणारे उपकरण), सेन्सर, व्हॉल्व्ह इत्यादी उपकरणांतील माहिती क्रमांकित ऑब्जेक्टांत (संबंधित माहितीच्या गटांत) मांडण्याची पद्धत. कॉमन इंडस्ट्रियल प्रोटोकॉल अर्थात सीआयपी या औद्योगिक उपकरणांच्या संदेश-नियमावलीत ती विशेष काटेकोर आहे. ईथरनेट/आयपी हे सीआयपीचे ईथरनेटवरील रूप होय.

सीआयपीतील प्रत्येक ऑब्जेक्ट एखाद्या क्लासचा (प्रकाराचा) इन्स्टन्स (प्रत्यक्ष नमुना) असतो. माहिती त्याच्या अ‍ॅट्रिब्यूटांत (क्रमांकित गुणधर्मांत) राहते आणि ती सर्व्हिसद्वारे (ठरावीक आज्ञांद्वारे) वाचतात किंवा बदलतात. उदा., आयडेंटिटी ऑब्जेक्टचा क्लास १ आहे. त्याच्या इन्स्टन्स १ मध्ये अ‍ॅट्रिब्यूट १ हा उत्पादकाचा क्रमांक, ६ हा उपकरणाचा अनुक्रमांक व ७ हे उत्पादनाचे नाव. उपकरण कोणाचेही असो, ही माहिती याच पत्त्यावर मिळते. याउलट मॉडबस या जुन्या संदेश-पद्धतीत (१९७९) १६ बिटांची रजिस्टरे (क्रमांकित साठवण-जागा) व एकेका बिटाच्या जागा तेवढ्या असतात. एखाद्या रजिस्टरात तापमान आहे की वेग, हे उत्पादकाच्या पुस्तिकेवरूनच कळते.

या मांडणीच्या उगमाकडे दोन प्रकारे पाहता येते. क्लास, इन्स्टन्स या संज्ञांवरून ती ऑब्जेक्टाधारित प्रोग्रॅमिंगमधून आली असे सहज वाटते. तथापि त्या प्रोग्रॅमिंगचा कणा असलेल्या वारसाहक्काला (एका क्लासचे गुण दुसऱ्या क्लासला मिळण्याला) येथे फारसे स्थान नाही. जनरल मोटर्सच्या मॅप या कारखान्यातील यंत्रे जोडण्याच्या उपक्रमाशी निगडित एमएमएस या संदेश-मानकात (आयएसओ ९५०६) उपकरणाची बाहेरून दिसणारी बाजू अशाच ऑब्जेक्टांनी वर्णिली होती. वैचारिक नाते या परंपरेशी अधिक जवळचे दिसते. सीआयपीची घडण प्रथम १९९४ च्या सुमारास कॅन या नियंत्रक-जाळ्यावर आधारित डिव्हाइसनेटमध्ये झाली. सु. २००० मध्ये ती ईथरनेटवर आली तेव्हा सामाईक ऑब्जेक्ट तेच राहिले. टीसीपी/आयपी इंटरफेस (क्लास हेक्स, म्हणजे षोडशमान, एफ५) व ईथरनेट लिंक (हेक्स एफ६) हे जाळ्यापुरते ऑब्जेक्ट जोडले गेले.

पद्धतीची मर्यादा असेंब्ली ऑब्जेक्टमध्ये (क्लास ४) उघड होते. निरनिराळ्या ऑब्जेक्टांतील मूल्ये तो एका सलग बाइटमालेत बांधतो, आणि ती माला सहसा यूडीपी या पोच न घेणाऱ्या वाहतूक-पद्धतीच्या २२२२ या पोर्टवरून (क्रमांकित दारावरून) ठरावीक अंतराने जाते. सुटी विचारणा टीसीपी या पोच घेणाऱ्या पद्धतीच्या ४४८१८ या पोर्टवरून होते. काही उपकरण-प्रकारांसाठी मालेची रचना प्रमाणित आहे, पण पुष्कळदा कोणता बाइट कशाचा हे उत्पादकच ठरवतो. त्यामुळे एका कंपनीचा ड्राइव्ह काढून दुसरीचा बसवल्यास ओळख लगेच पटते, पण कंट्रोलरमधील बाइटांची जुळणी बहुधा नव्याने करावी लागते. मालेचे वर्णन उत्पादकाच्या ईडीएस (उपकरण-वर्णनाच्या) फाइलमध्ये मिळू शकते.

ईथरकॅट या दुसऱ्या औद्योगिक ईथरनेटमध्ये कॅनओपन या कॅनवरील पद्धतीची ऑब्जेक्ट डिक्शनरी (ऑब्जेक्टांची क्रमांकित यादी) वापरता येते. तिच्यात १६ बिटांचा इंडेक्स व ८ बिटांचा सबइंडेक्स असतो आणि ओळख हेक्स १०१८ वर असते. प्रोफिनेट हे आणखी एक औद्योगिक ईथरनेट स्लॉट, सबस्लॉट व इंडेक्स यांनी पत्ता सांगते.